हौसाकाकीला न चाललेला शब्द

हौसाकाकीचं आणि माझं पटत नाही. तिला मी आवडत नाही हे सगळ्या स्टँडला माहीत आहे. मलाही ती आवडायची नाही, हे मात्र मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ओल्या काजूगरांचे दिवस आले की ती आमच्या वाडीतून पहिल्या एसटीने रत्नागिरीला येते आणि नेमकी माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर टोपली मांडते. स्टँडसमोर पायऱ्या काय कमी आहेत? पण तिला माझीच लागते. गिऱ्हाईक आत शिरायला लागलं की ती मान वर न करता म्हणते, "जावा, आत कथित पत्रकार बसलाय. आधार कार्ड जपून द्या, फोटो छापील तुमचा."

नवखा माणूस हसतो. काजूच्या चिकाने बोटं काळी पडलेली, नऊवारी नेसलेली, सत्तरीला टेकलेली बाई तोंडातून 'कथित' असा पेपरातला शब्द काढते याचं त्याला कौतुक वाटतं. शेजारी मासे घेऊन बसणाऱ्या बाईला ती 'कथित ताजा बांगडा' म्हणते. गाडी चुकली की कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन 'तुमची कथित साडेनऊची गाडी' म्हणून त्याचा उद्धार करते. कंट्रोलरही हसतो. मला हसू येत नाही, कारण हा शब्द तिला मी दिला.

काकी काही त्या दिवसापासून भांडकुदळ झाली असं नाही. माहेर संगमेश्वराकडचं; लग्न होऊन आली तेव्हापासून ती कोणाशी ना कोणाशी भांडतेच आहे. चिरेखाणीच्या ट्रकांनी उडवलेली लाल धूळ तिच्या काजूच्या मोहरावर बसायला लागली तेव्हा ती कोयता घेऊन वाटेत बसली होती, आणि खाणवाल्याने रस्त्यावर पाणी मारल्याशिवाय उठली नव्हती. नवरा अगदी उलट. काशीरामकाका म्हणजे दोन वाक्यांमध्ये एक पान खाणारा माणूस. वाडीतले सगळे पुरुष मुंबईला गेले, हा गेला नाही. ग्रामदेवीची रूपं घासायचा मान त्याच्या घराण्याकडे. रूपं म्हणजे चांदीचे मुखवटे, शिमग्याला पालखीत लावायचे. आमच्याकडे सहा होते. होळीच्या आधी काका आंघोळ करून, तोंडाला फडकं बांधून, चिंच आणि राख घेऊन बसायचा आणि सहाही रूपं चकचकीत होईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. मुंबईहून सुटीला आलेले पोरगे त्याला हसायचे. दोन मुलींची लग्नं त्याने नाचणी, कुळीथ आणि काजूवर केली. बाकी त्याच्याजवळ मिरवण्यासारखं एवढंच एक काम होतं.

चार वर्षांपूर्वी होळीच्या आदल्या दिवशी देवळातली ट्रंक उघडली तर आत पाचच रूपं. सर्वांत लहान, तळहाताएवढं होतं ते नाही. ट्रंकेची किल्ली काकाकडे. मानकरी आप्पांनी सगळ्यांसमोर विचारलं, "गेल्या शिमग्यात ट्रंक कोणी बंद केलान?"

"मी केला," काका म्हणाला.

"सहा होती?"

काका खोटं बोलू शकला असता. तो म्हणाला, "मी मोजली न्हवती. दिली ती ठेवली."

तिथेच त्याचं मरण झालं. पोलीस आले, जबाब घेऊन गेले. आणि तिसऱ्या दिवशी माझी बातमी आली.

मी काही मोठा पत्रकार नाही. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म हा धंदा आणि जोडीला एका पेपरची वार्ताहरकी. मला हे काम शिकवणारे वृत्तसंपादक म्हणायचे, "दीपक, कोर्ट सांगत नाही तोवर चोर नाही, संशयित. चोरी नाही, कथित चोरी. एवढा शब्द लाव आणि निवांत झोप." मी तो धडा नीट गिरवला होता. कथित म्हणजे म्हटलं गेलेलं, अजून सिद्ध न झालेलं. मथळा दिला, 'ग्रामदेवीच्या रूपाची कथित चोरी'. आत आणखी दोनदा कथित, काकाच्या नावाआधी संशयित, शेवटी 'असे ग्रामस्थांत बोलले जाते'. कायद्याच्या बाजूने बातमीला कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. सोबत फोटो हवा होता. काकाचा पेन्शनचा फॉर्म मीच भरला होता, त्याचा पासपोर्ट फोटो दुकानाच्या कॉम्प्युटरवर होता. तो पाठवला. फोटोला कथित लावता येत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. खरं तर आलं होतं, पण बातमीला फोटो असला की ती वरच्या बाजूला लागते.

वाडीने बातमी वाचली ती अशी: पेपरात आलं म्हणजे खरं. कथित वगैरे कोणी वाचलंच नाही. पुढे पोलिसांना काही सापडलं नाही, गुन्हा कोणावरच लागला नाही. त्याची बातमी मी दिली नाही. काही घडलं नाही याची बातमी कोण छापतो?

त्या शिमग्याला पालखी घरोघरी फिरली. आमच्याकडे ग्रामदेवी वर्षातून एकदाच माणसांच्या दारात येते. अंगण सारवून, रांगोळी काढून, ओटीचं ताट घेऊन बायका उभ्या राहतात. हौसाकाकीही उभी राहिली होती. पालखी तिच्या बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत आली आणि ढोल न थांबवता पुढच्या घराकडे वळली. मी मागे मोबाइलवर शूटिंग करत होतो. त्या व्हिडिओत काकीचा हात ताटासकट पुढे झालेला दिसतो. मी तो व्हिडिओ पुसून टाकला.

चार दिवसांनी ती दुकानात आली. हातात माझ्या बातमीचं कात्रण.

"ह्यो शब्द वाच."

"कथित."

"म्हंजी काय?"

"काकी, म्हणजे अजून सिद्ध झालेलं नाही. नुसतं कोणीतरी म्हटलेलं."

"कोनी म्हटलान?"

"लोकांनी."

"कंच्या लोकांनी? नाव सांग."

"तसं नाव देत नाहीत."

"आमच्या म्हाताऱ्याचा बरा दिलास. फोटोसकट." दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, ती भिंतीकडे बघायला लागली. "सिद्ध झाला न्हाय, तर छापलास कशाला?"

मी तिला समजावायला लागलो. हा शब्द काकांच्या बाजूचाच आहे, तो आहे म्हणून त्यांना कोणी चोर म्हणू शकत नाही, असं बरंच काही. स्वतःचीच मला कीव यायला हवी होती, पण मला तिचा रागच आला. एवढी कायदेशीर बातमी, आणि ही बाई गिऱ्हाइकांसमोर माझी अब्रू काढते!

तिने पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाजूचा हाय ना? मग ह्या शब्दाला सांग, पालखी आन माज्या दारात." कात्रण माझ्या काउंटरवर टाकलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. त्या दिवसापासून ती तिथेच बसते.

वाळीत टाकणं गुन्हा आहे हे आमच्या वाडीला पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे कोणी कोणाला वाळीत टाकत नाही. फक्त काकीच्या घरी हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नाही. लावणीला तिच्या शेतात कोणी उतरलं नाही. विहिरीवर ती आली की बाकीच्यांच्या कळश्या आपोआप भरलेल्या असायच्या. दुसऱ्या वर्षीही पालखी वळली तेव्हा मला लाज वाटली आणि मी बातमी लिहिली. पेपरच्या डेस्कवरून फोन आला, "लेखी ठराव आहे? नाही? मग कथित बहिष्कार लिही." मी लिहिलं. आप्पांनी देवळासमोर मला गाठून पाठीवर थाप मारली. "वाचला हां, दीपक. कथित." आणि हसले. नालायक माणूस.

काकी पेपर घेऊन आली. ती हसली नाही. "माज्या दारात कोन येत न्हाय, ता पन कथित? ये, बस माज्या पडवीत आठ दिस. तुला सिद्ध करून दाखवतंय." मी गेलो नाही.

काकीने राग धरून ठेवला आणि त्यावर ती जगली. काकाला राग येतच नव्हता, ही त्याची मोठी अडचण. पहिल्या वर्षी तो भेटेल त्याला सांगायचा, "मी न्हाय घेतला." दुसऱ्या वर्षी म्हणायचा, "मी मोजली न्हवती, ता माजा चुकला." तिसऱ्या वर्षी मी त्याला गोठ्यामागे पहारीने खणताना पाहिलं. विचारलं तर म्हणाला, "बघतंय. हितं कुटं ठेवलेला हाय काय." घरातलं भाताचं कणगं त्याने दोनदा उपसलं होतं. काकीने धावत येऊन त्याच्या हातातली पहार काढून घेतली आणि माझ्यावर ओरडली, "बघतोस काय मेल्या? घे फोटो!"

यंदा फेब्रुवारीत आप्पांची सून नम्रता दुकानात आली. सातवा महिना होता. कसल्याशा योजनेच्या फॉर्मसाठी कागद घेऊन आली होती. झेरॉक्स झाली तरी ती उठेना. पायरीवर काकी नव्हती, हे तिने दोनदा वाकून पाहिलं.

"दीपकभावोजी, रूप सापडलंय," ती म्हणाली. "आमच्याच घरात."

पाच वर्षांपूर्वीच्या शिमग्यात, पालखी देवळात परतली त्या संध्याकाळी अवकाळी पाऊस आला होता. मलाही आठवतो. रूपं गुंडाळायची फडकी भिजली, म्हणून आप्पांनी देवीच्या जुन्या साड्या घेतल्या आणि घाईघाईत स्वतःच्या हाताने रूपं त्यांत बांधली. काका बाहेर पालखी पुसत होता. त्याच्याकडे गाठोडी आली, त्याने ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं. देवीची एक साडी दरवर्षी मानकऱ्याच्या घरी मान म्हणून जाते. दुसऱ्या दिवशी, उरलेल्या साड्यांच्या ढिगात राहून गेलेली तशी एक साडी, दोरा बांधलेली, आप्पांच्या कपाटात गेली. देवीचं वस्त्र कोणी नेसत नाही, उलगडतही नाही. सुनेला दिवस गेले की तिच्या ओटीभरणाला काढायचं. ओटीच्या आदल्या दिवशी नम्रताने दोरा सोडला आणि रूप तिच्या मांडीवर पडलं.

"मामंजींना दाखवलं," ती म्हणाली. "ते म्हणाले, गप्प बस. यंदा ट्रंकेत ठेवू. देवीनं आपलं रूप परत आणलान असं सांगू. सगळ्यांना बरं वाटेल."

"आणि काशीरामकाका?"

"ते विचारलं मी. म्हणाले, लोकांना वाटेल भिऊन आणून ठेवलान. आधी वाटत होतंच, आता थोडं जास्त वाटेल."

मी त्याच दुपारी दुकान बंद करून वाडीत गेलो. आप्पा पडवीत सुपारी कातरत बसले होते. मी म्हणालो, "आप्पा, मी छापणार."

"छाप की," आप्पा म्हणाले. "कोण सांगतंय तुला? माझी सून? ती माझ्यासमोर बोलणार नाय. मग काय लिहिशील? मानकऱ्याच्या घरात कथित रूप कथितपणे सापडलं?" सुपारीचं खांड तोंडात टाकून ते म्हणाले, "तूच शिकवलास आम्हाला, बाबा."

मी तिथून उठलो. डेस्कला फोन केला. उत्तर आप्पांसारखंच आलं, फक्त शुद्ध भाषेत. कोणी नावानिशी बोलत असेल तर बघू, नाहीतर कथित. चार वर्षं ज्या शब्दाच्या आडोशाला मी बसलो होतो, त्याच आडोशाला आता आप्पा येऊन बसले होते, आणि मला त्यांना उठवता येत नव्हतं.

उठवलं ते नम्रताने. माझ्या जाण्यामुळे घरात काय झालं ते तिने मला कधी सांगितलं नाही. दोन दिवसांनी, सकाळी दहा वाजता, भर उजेडात ती आप्पांच्या घरातून बाहेर पडली. हातात ताट, ताटात देवीची साडी, साडीवर काळं पडलेलं ते लहान रूप. झाकलं नव्हतं. सातव्या महिन्याचं पोट घेऊन ती सबंध वाडीतून, विहिरीवरच्या बायकांसमोरून हळूहळू चालत गेली, आणि वाटेत जो विचारेल त्याला सांगत गेली, "आमच्या कपाटात होतं. मामंजींनीच बांधलं होतं." काकीच्या पडवीत जाऊन तिने ताट खाली ठेवलं.

काकीने तिला बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. रूपाकडे बघितलं. मग म्हणाली, "ह्या हितं कशाला आनलास? उचल. देवळात ने. माज्या घरात सापडला म्हनतील."

नम्रता रडायला लागली. त्यावर काकीने आत जाऊन तिच्यासाठी गूळपाणी आणलं, पण ते देतानाही तोंड फिरवलेलं होतं.

यंदाच्या शिमग्याला पालखीत सहा रूपं होती. पालखी काकीच्या बेड्याशी आली, ढोल मंदावला आणि चार वर्षांनी ती आत वळली. काकीने अंगण सारवलं नव्हतं. रांगोळी नव्हती, ताट नव्हतं. ती दारात हात बांधून उभी होती आणि मागे काका, धुतलेला सदरा घालून. पालखी टेकली. आप्पांनी गाऱ्हाण्याला सुरुवात केली. "गे माये, आज तुझ्या लेकराच्या दारात तू आलीस. काय चूकभूल झाली असेल, काय वेडंवाकडं बोललं गेलं असेल..."

"थांब," काकी म्हणाली.

गाऱ्हाणं कोणी मध्ये तोडत नाही. ढोलवाल्याचा हात वर राहिला.

"असंल-बिसंल माज्या दारात चालायचा न्हाय. कोनाची चूक? कोनी बोललान? नाव घे. आमच्याचा नाव घेतलात तेव्हा लाज वाटली न्हाय, आता तुजा घे. न्हायतर उचला पालखी."

आप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यांनी मागे बघितलं. मागे नम्रता उभी होती, बायकांच्या पुढे. वाडीतलं कोणी आप्पांच्या मदतीला आलं नाही. चार वर्षं त्यांच्या मागे उभे राहिलेले सगळे आता पायाखालची जमीन बघत होते. आप्पांनी घसा खाकरला आणि पालखीकडे तोंड करून म्हणाले, "काशीरामानं रूप घेतलान नाय. मी बांधला, माज्या घरात गेला. मी काशीरामाला चोर ठरवला. ह्या माझा चुकला, महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. माझाही आवाज त्यात होता.

ढोल परत वाजायला लागला. काकी उंबऱ्यावर खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता, नुसती दमलेली बाई दिसत होती. मी जवळच होतो, मोबाइल हातात, नाव आणि कबुलीसकट बातमी मिळाली होती. एकही कथित लागणार नव्हतं. तेवढ्यात काका तिच्या शेजारी वाकून बसला. ढोलाच्या आवाजात आपलं बोलणं कोणाला ऐकू येत नाही असं त्याला वाटलं असावं.

"हौसे," तो म्हणाला, "आप्पा मानूस चांगला. माज्यापाय खोटा बोलला देवीम्होरं."

"खोटा न्हाय तो. खरा हाय."

काकाने मान हलवली. दोन्ही हात त्याने सदऱ्याखाली लपवले. "तू कोनाला सांगू नको. पन मीच घेतला असंन. माज्या नुसता ध्यानात येत न्हाय, ठेवला कुटं."

काकीने वर बघितलं. मी ऐकलंय हे तिने ओळखलं. इतक्या वर्षांत ती माझ्याशी एक वाक्य सरळ बोलली नव्हती. आता बोलली, हळू, आणि पुढे कथित-बिथित काही न लावता.

"दीपक," ती म्हणाली, "ह्या लिहू नको रं."